फाळके आणि वाटाण्याचें रोप

चलच्चित्राचा कॅमेरा हातीं आला म्हणजे नवशिका धांवती आगगाडी किंवा गजबजलेला रस्ता टिपूं पाहतो. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं कुंडींतला वाटाणा निवडला.

१९१२ सालीं ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या. दृष्टि तर एकदां जाऊन उपचारांनीं परत आलेली. तो कॅमेरा हातानें फिरवावयाचा. नेहमींच्या गतीनें सेकंदाला सुमारें १६ चित्रें, म्हणजे मिनिटाला ९६० ! हात अडखळला कीं पडद्यावरील माणसेंही अडखळावयाचीं. फाळक्यांनीं यंत्र चालविण्याइतकेंच थांबविण्याचेंही शिक्षण घेतलें. एक चित्र घ्यावें, थांबावें, कांहीं वेळानें दुसरें घ्यावें. महिनाभर हाच क्रम. तोंवर कुंडी हलतां कामा नये आणि कॅमेराही. घाई करणाऱ्याचें हें काम नव्हे. पुढें कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकें पाडण्याचें जिकिरीचें काम पत्नी सरस्वतीबाई अंधारांत बसून करीत.

पडद्यावर मात्र बी रुजून रोप क्षणांत वाढलें. तें पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास तयार झाले, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.