निजगलचा किल्लेदार आणि थोरले माधवराव

बंगळूरच्या आग्नेयेस कोरमंगलाहून सर्जापूरकडे जाणारा सर्जापूर रोड आज संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांनी आणि उंच इमारतींनी गजबजलेला आहे. उद्योगधंद्यासाठी आलेली कित्येक मराठी कुटुंबे त्याच्या आसपास नांदत आहेत. ह्या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध मात्र फार जुना आहे. १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी आणखी एक मराठी सत्ताधीश ह्या मुलखात उतरला. सर्जापूर रोडवरून निघून, सारे शहर ओलांडून तुमकूरच्या वाटेला लागले, म्हणजे निजगलचा डोंगर दिसतो. राज्यकर्त्याचे शील म्हणजे काय, ह्याची एक अवघड परीक्षा त्या डोंगरावर झाली.

साल १७७०. हैदर अलीवरील मोहिमेत थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजगलला वेढा घातला होता. गडावर सरदारखान नावाचा किल्लेदार होता. त्याने चिवट प्रतिकार केला. अखेर चित्रदुर्गाच्या पाळेगाराच्या लोकांनी चढाई करून गड घेतला. पेशव्यांचा क्रोध अनावर झाला होता. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सने नमूद केले आहे की, हाती लागलेल्या शिबंदीचे नाक-कान कापण्याची आज्ञा झाली आणि ती अमलातही आली. मग सरदारखानाला समोर आणण्यात आले. हीच शिक्षा तुलाही योग्य नाही काय, असे त्याला विचारले गेले. अंगच्छेद माझा होईल, अपकीर्ती मात्र आपली होईल, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पेशवे क्षणभर स्तब्ध राहिले आणि त्यांनी त्याला अपाय न करता सोडून दिले.

ह्या प्रसंगाने माधवरावांचा पहिला अपराध धुऊन निघत नाही. ज्यांचे नाक-कान गेले, त्यांना किल्लेदाराच्या हजरजबाबीपणाचा काही लाभ झाला नाही. माधवरावांचा स्वभाव तापट होता, हे त्यांच्या चाहत्यांनीही नाकारलेले नाही. परंतु शील म्हणजे दोषांचा अभाव नव्हे. जित शत्रूच्या तोंडून आलेले सत्य भर छावणीत ऐकून घेणे आणि उगारलेला हात मागे घेणे, हे सामर्थ्य त्या पंचवीस वर्षांच्या पुरुषाच्या अंगी होते.

ही सवय त्यांनी कष्टाने लावून घेतली होती. १७६१ मध्ये पानिपतच्या आघातानंतर पेशवेपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पुढल्याच वर्षी चुलते रघुनाथराव ह्यांच्याशी आळेगावला लढाई झाली. राज्यात दुफळी माजू नये म्हणून तरुण पेशवा स्वतः होऊन चुलत्यांच्या स्वाधीन झाला. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाविरुद्ध जय मिळाला आणि कारभाराची सूत्रे पुन्हा त्यांच्या हाती आली. १७६८ मध्ये धोडपला रघुनाथरावांचा पराभव झाला. तेव्हा त्यांनी चुलत्यांना नजरकैदेत ठेवले, परंतु त्यांच्या जिवाला धक्का लावला नाही. रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या निःस्पृह न्यायाधीशाला त्यांनी मान दिला. रयतेकडून वेठबिगार घेण्याच्या प्रथेला आळा घातला. धन्याला अप्रिय सत्य सांगणारा मनुष्य दरबारात टिकू शकतो, हे एकदा कळले, म्हणजे खालच्या कारकुनापर्यंत कारभाराची रीत बदलते.

तथापि ह्याच चरित्रात ह्या गुणाची मर्यादाही दिसते. क्षयाने जर्जर झालेले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले. वय अवघे सत्तावीस. नऊ-दहा महिन्यांतच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरविले. परंतु त्या निर्णयाची अंमलबजावणी करणारा धनी आता उरला नव्हता, म्हणून शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले. न्यायाधीश तोच होता, शास्त्रही तेच होते. फक्त त्यांच्या पाठीशी उभे राहणारे शील गेले होते.

एका पुरुषाच्या चारित्र्यावर उभे असलेले राज्य त्या पुरुषाच्या आयुष्याइतकेच टिकाऊ असते. म्हणून लोकसत्तेने कायदे, न्यायालये आणि हिशेबतपासणी ह्यांची योजना केली. पुढाऱ्याच्या सत्प्रवृत्तीवर सर्व भार टाकला नाही. पण ह्या यंत्रणाही अखेर माणसांच्याच हातून चालतात. सरदारखानाने सत्य सांगण्याचे धैर्य दाखविले आणि पेशव्यांनी ते ऐकण्याचे. ह्यांपैकी एक जरी नसते, तरी निजगलच्या डोंगरावर आणखी एका माणसाचा अंगच्छेद झाला असता आणि त्याची कोणी नोंदही ठेवली नसती.