कुजबुजीकडून कागदाकडे

'हृदय थांबले, तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करायचा का?' अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या किती तरी कुटुंबांपुढे हा प्रश्न आज अचानक येऊन उभा राहतो. पूर्वी तो नव्हताच. हृदय थांबले की सारे संपले.

१९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता, केवळ तळहातांच्या दाबाने थांबलेले हृदय पुन्हा चालविता येते, हे दाखवून दिले. त्यांच्या पहिल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले. उपाय होता अकस्मात हृदय थांबलेल्यांसाठी. परंतु लवकरच मरणपंथास लागलेल्या जर्जर रुग्णांवरही तो सरसकट होऊ लागला. बरगड्या मोडत, मरण मात्र टळत नसे.

मग डॉक्टरांनी छुपी वाट काढली. कुठे प्रयत्नांचा नुसता देखावा होई. न्यूयॉर्कमधील एका इस्पितळात अशा रुग्णांच्या कार्डांवर जांभळे ठिपके लावले जात. १९८४ साली चौकशीत ते उघडकीस आले. निर्णय होत होता, पण कुजबुजीत!

तो कागदावर आणण्याचे प्रयत्नही याच काळातले. १९७४ साली अमेरिकन वैद्यकीय मानकांनी असा निर्णय रुग्णाच्या नोंदीत लिहावा, असे सांगितले. १९७६ साली बॉस्टनच्या दोन इस्पितळांनी आपली धोरणे प्रसिद्ध केली. १९८८ पासून न्यूयॉर्क राज्यात त्यासाठी संमतीचा कायदा अमलात आला.

ख्रिस्तसभेची भूमिका याहून जुनी आहे. जीव राखण्यासाठी असाधारण उपाय योजण्याचे बंधन नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले होते. मारणे वेगळे आणि येणाऱ्या मरणाला वाट देणे वेगळे.

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली व २०२३ साली तिची रीत सुलभ केली.

'पुनरुज्जीवन नको' म्हणजे 'उपचार नको' नव्हे. वेदनाशमन, शुश्रूषा, सोबत ही चालूच राहतात. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे, की आईवडिलांच्या मनात काय आहे, हे ती धडधाकट असतानाच विचारावे. इस्पितळाच्या दारात मुलांनी एकमेकांची तोंडे पाहत बसण्यापेक्षा ते अधिक प्रेमाचे आहे.