जन्माची हजेरी

गावात चोरी झाली की पोलिसाने सावध राहावे, यात वावगे काही नाही. गिरणीचा पहारेकरीही रात्री अनोळखी माणसाला हटकतोच. परंतु ही सावधगिरी कोठे संपते आणि पूर्वग्रह कोठे सुरू होतो? आपल्याच देशातील एका कायद्याचा इतिहास याचे उत्तर देतो.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्या माणसांची नावे नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, वसाहतीत डांबायचे! सोलापूरच्या सेटलमेंटमधील माणसे तारेच्या कुंपणाआड राहत आणि तेथूनच गिरणीत कामाला जात. दिवसभर जो कामगार, तोच पाळी सुटताच गुन्हेगार!

चोऱ्या होतच नव्हत्या, असे माझे म्हणणे नाही. पण चोरी माणूस करतो, त्याची जात करीत नाही. शिवाय हजेरीपायी ज्याला परगावच्या बाजाराला जाता येत नाही, ज्याला कोणी कामावर ठेवीत नाही, त्याने पोट कसे भरावे? आणि झडती नेहमी पारध्याच्याच पालाची होत असेल, तर वहीत नावेही पारध्यांचीच चढणार. मग तीच वही पुरावा म्हणून पुढे करायची!

सर्वांत बोलके कलम मात्र निराळेच होते. सरकारच्या त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देण्याची सोयच नव्हती. सीमारेषा सापडते ती येथे. सावधगिरी पुरावा पाहते आणि चुकली तर माघार घेते. पूर्वग्रह समोरच्याचे म्हणणे ऐकूनच घेत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या. तरी सराईत गुन्हेगारांचे कायदे मागे उरलेच. मुंबई राज्याने तसा कायदा १९५९ साली केला. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, हे २०२४ सालीही सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले.

एका कामगारावर आळ आला म्हणून साऱ्या खात्याला चोर ठरविले, तर आपण काम बंद पाडू. मग गावाबाहेरच्या पालावर पोलिसांची गाडी जाते, तेव्हा आपण गप्प का बसतो? 'याने काय केले?' एवढे तरी तेथे जाऊन विचारले पाहिजे.