पवार, उर्मिला

(जन्म १९४५). मराठी कथाकार, आत्मकथनकार आणि दलित स्त्री-चळवळीतील कार्यकर्त्या. जन्म रत्नागिरी जिल्ह्यात, महार कुटुंबात. मूळ गाव फणसवळे. १९५६ च्या धर्मांतराच्या लाटेत कुटुंब बौद्ध झाले. वडील शिक्षक होते. मुले शिकावीत म्हणून त्यांनी गाव सोडून रत्नागिरीत बिऱ्हाड केले. उर्मिला प्राथमिक शाळेत असतानाच ते वारले आणि घर आईच्या हातांवर आले. आई बांबूच्या टोपल्या, सुपे, रोवळ्या विणी. बांबूच्या अशा विणलेल्या वस्तूंना कोकणात आयदान म्हणतात.

तयार माल घरोघर पोचवण्याचे काम मुलीकडे असे. गिऱ्हाईक पाणी शिंपडूनच टोपली घरात घेई आणि पैसे वरून हातावर टाकी. शाळेत वेगळे नव्हते. शेण काढण्यावरून शिक्षकांनी मारले, तेव्हा विणत बसलेल्या आईने त्याच शिक्षकांना वाटेत गाठून जाब विचारला. पुढे पवार यांच्या कथेत जी बाई उलटून बोलते, तिचे मूळ या प्रसंगात शोधता येते. विवाहानंतर त्या मुंबईत आल्या, राज्य शासनाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली आणि संसार सांभाळून मराठी विषयात एम.ए. झाल्या. बायकोचे शिक्षण, लेखन, सभांना जाणे नवऱ्याला कसे खुपत गेले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

कथालेखन : ‘सहावं बोट’ (१९८८) आणि ‘चौथी भिंत’ (१९९०) हे त्यांचे महत्त्वाचे कथासंग्रह. त्यांच्याआधी दलित स्त्री मराठी कथेत नव्हती असे नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहात ती आहे, अण्णा भाऊ साठ्यांकडे तर ती रणरागिणी होऊन येते. पण तिला उभे करणारा पुरुष होता. तिचे सोसणे आणि तिचा संताप दोन्ही त्याच्या नजरेतून दिसत. पवार यांची बाई इतकी भव्य नाही. ती बाजारात बसते, भाव करते, शिवी हासडते, घाबरते आणि नेमक्या वेळी गप्प बसत नाही.

‘कवच’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कथा. आंबे विकणाऱ्या आईवर, आंब्याच्या नावाचा आडोसा घेऊन, पुरुष द्व्यर्थी बोलतात. शाळकरी मुलगा ते ऐकतो आणि लाजेने आतल्या आत जळतो. आईला वाचवायला हवे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात आई आपल्याच जिभेच्या बळावर बाजार निभावते. ही कथा एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागली तेव्हा तिच्यावर अश्लीलतेचा आक्षेप आला. पुरुषांची घाण भाषा बाईने जशीच्या तशी कागदावर उतरवली, एवढाच तिचा गुन्हा. आक्षेप घेणाऱ्यांना ती भाषा बाजारात रोज ऐकू येतच असणार. ‘आई’ या कथेत नवऱ्यामागे भावकीच्या दबावाला न जुमानता मुलांच्या शिक्षणासाठी शहरातच राहणारी विधवा आहे. ‘वेगळी’मधली नोकरदार सून सासरच्या चाळीतून बाहेर पडू पाहते. इथे समोर सवर्ण नाहीत, आपलीच माणसे आहेत. दलित पुरुषाच्या घरातली सत्ता दाखवल्याबद्दल पवार यांना चळवळीतूनही बोलणी खावी लागली.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका अॅलिस वॉकर यांच्या ‘द कलर पर्पल’ (१९८२) या पुलित्झर पारितोषिकप्राप्त कादंबरीशी या कथांची तुलना सहज सुचते. दोन्हींकडच्या चळवळींचे नातेही जुने आहे : १९७२ मध्ये दलित पँथर या संघटनेने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरूनच. वॉकरची सेली वडील मानलेल्या पुरुषाकडून आणि नंतर नवऱ्याकडून छळली जाते, देवाला पत्रे लिहिता लिहिता बोलू लागते. साम्य एवढ्यावर थांबते. सेलीला आवाज कमवावा लागतो. पवार यांच्या बाईकडे तो असतोच, तिच्याजवळ नसतो तो ऐकणारा.

इतर लेखन : मीनाक्षी मून यांच्यासमवेत लिहिलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक मोलाचे आहे, त्याशिवाय त्या बायकांची नावेही उरली नसती. ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन. बेबी कांबळे आणि शांताबाई कांबळे या दलित लेखिकांची आत्मकथने १९८६ मध्येच पुस्तकरूपाने आली होती. पवार यांनी मात्र आधी कथा लिहिली आणि दीड दशकाने स्वतःच्या नावावर आयुष्य सांगितले. घरातले, शरीराचे, नवऱ्याचे जे ‘आयदान’मध्ये उघड आले, ते कथेतल्या परक्या नावांआड आधीच येऊन गेले होते. महाराष्ट्र साहित्य परिषदेचा या पुस्तकाला मिळालेला लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार त्यांनी नाकारला. सोहळ्याची सुरुवात सरस्वतीवंदनेने होणार, हे त्यांना मान्य नव्हते. माया पंडित यांनी ‘आयदान’चा इंग्रजी अनुवाद केला (२००८), तर सुषमा देशपांडे यांनी ते रंगमंचावर आणले. निवडक कथा वीणा देव यांच्या इंग्रजी अनुवादात ‘मदर विट’ (२०१३) या नावाने प्रसिद्ध झाल्या.

समीक्षेने ‘आयदान’वर पुष्कळ लिहिले आणि कथांना त्याची पूर्वतयारी मानले. हा क्रम उलटा आहे. नव्या वाचकाने सुरुवात ‘कवच’पासून करावी.