‘डेलेगादो’ म्हणजे नक्की कोण?

ऐतिहासिक साधनं वाचायची सवय व्हावी म्हणून आज एक छोटा सराव करू. फुटबॉलमधला आहे, पण चालेल.

आंतोनियो लोपेस, जन्म १९४१, रिओ द जानेरो. ब्राझीलचे नावाजलेले प्रशिक्षक. त्याआधी पोलिसात होते, म्हणून टोपणनाव पडलं ‘डेलेगादो’. समजा तुमच्या हातात पोर्तुगीज वर्तमानपत्राचं कात्रण आहे आणि त्यात फक्त हा शब्द आहे. शब्दकोश उघडलात तर ‘प्रतिनिधी’ असा अर्थ मिळेल आणि तिथेच गाडी घसरेल.

ब्राझीलमध्ये पोलीस दोन वेगळे. गणवेशात गस्त घालणारे ते ‘मिलिटरी पोलीस’, आणि गुन्ह्याचा तपास करणारे ते ‘सिव्हिल पोलीस’. डेलेगादो हा या दुसऱ्या खात्याचा अधिकारी. तो ठाणं आणि तपास सांभाळतो, त्यासाठी कायद्याची पदवी लागते. आपल्याकडे गस्त आणि तपास ही दोन्ही कामं एकच खातं करतं, त्यामुळे हा फरक आपल्या सहज लक्षात येत नाही.

का महत्त्वाचा? कारण १९६४ ते १९८५ तिथे लष्करी राजवट होती. त्या काळात १९७८च्या विश्वचषकाला संघाचे प्रशिक्षक होते क्लाउदियो कोतिन्यो, लष्करातले कॅप्टन. फुटबॉल महासंघाचा प्रमुख नौदलाचा अॅडमिरल. ‘राजवटीने मैदानात आपली माणसं बसवली’ हे वाक्य इथे निदान तपासून बघण्यासारखं आहे. पण लोपेस यांना केवळ टोपणनावावरून याच रांगेत उभं केलंत, तर एका माणसावर पुराव्याशिवाय आरोप होतो. शिवाय त्यांची मोठी जेतेपदं लोकशाही परतल्यानंतरची: १९९२ला इंतरनासियोनालसोबत ब्राझील कप, १९९७ला वास्कोसोबत राष्ट्रीय अजिंक्यपद आणि १९९८ला, क्लबच्या शताब्दी वर्षात, लिबेर्तादोरेस चषक.

बरं, दुसरं गृहीतक घ्या: पोलिसी शिस्तीमुळे जिंकले. मला विज्ञानाच्या सवयीने लगेच विचारावंसं वाटतं, तुलना कोणाशी? १९९७च्या त्या संघाचा हिरो एदमुंदो. २९ गोल, आणि टोपणनाव ‘आनिमाल’, म्हणजे जनावर! शिस्तीचं उदाहरण म्हणून त्याला कुणी पुढे करणार नाही. आणि पोलिसात कधीच नसलेले प्रशिक्षकही ढिगाने जिंकलेत, त्यांचं काय?

सगळ्यात मोठा मोह २००५चा. पंचाच्या मॅच फिक्सिंगमुळे राष्ट्रीय स्पर्धेतले ११ सामने रद्द होऊन पुन्हा खेळवले गेले, आणि शेवटी जिंकलं कोरिंथियन्स. प्रशिक्षक कोण? लोपेस. घोटाळ्याच्या वर्षी माजी पोलीस अधिकारी विजेता! मथळा तयारच आहे. पण त्या वर्षी त्यांचं काम संघ खेळवण्याचं होतं, तपास करण्याचं नव्हे. तो मथळा लिहायच्या आधी मी तरी त्यांच्या पोलीस सेवेच्या नोंदी मागवीन: कुठलं खातं, कुठलं ठाणं, किती साल ते किती साल.