मंचुरियन कुठल्या गावचं?

परदेशात ऑनसाईट गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न पडतात. इथं थंडी एवढी कशी, कपडे धुवायचे कुठे, आणि रात्री जेवायचं काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं टीममधले जुने लोक देतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र जवळपास जगभर एकच असतं, ते म्हणजे कोपऱ्यावरचं चायनीज. भात मिळतो, गरम मिळतं, खिशाला परवडतं. आणि मुख्य म्हणजे "चायनीज तर आपण लहानपणापासून खातो की!" असा एक जबरदस्त आत्मविश्वास आपल्याकडे असतो.

हा आत्मविश्वास मेनू कार्ड उघडेपर्यंत टिकतो. त्यात ना मंचुरियन असतं, ना शेजवान राईस, ना ट्रिपल. वेटरला विचारावं तर तो नम्रपणे आपल्यालाच विचारतो, मंचुरियन म्हणजे काय? मग मंडळी परत आल्यावर धरमपेठेतल्या गाडीवर उभं राहून निकाल देतात, "तिकडचं चायनीज काही खरं नाही बाप्पा. खरं चायनीज आपल्याच नागपुरात!"

हे वाक्य ऐकायला विनोदी आहे, पण मला ते अर्धं खरं वाटतं. आपलं चायनीज खोटं नाही. ते एका वेगळ्याच समाजाचं जेवण आहे आणि त्या समाजाचा इतिहास आपल्याला शाळेत कुणी शिकवला नाही. आजचा वीकेंड त्यासाठी.

सुरुवात कोलकात्यापासून करू. अठराव्या शतकाच्या शेवटी, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, आछू नावाच्या एका चिनी व्यापाऱ्याला कोलकात्याजवळ बजबजच्या बाजूला जमीन मिळाली. त्याने तिथे साखरेचा कारखाना काढला आणि चीनमधून कामगार आणले. त्याच्या नावाचं आछीपूर हे गाव आजही हुगळीच्या काठावर आहे. त्याच्या मागोमाग आणखी लोक येत राहिले. कँटनकडचे लोक सुतारकाम करायचे, हुबेईकडचे दातांचे डॉक्टर, आणि हक्का लोक चामड्याच्या धंद्यात. चामडं कमावण्याचं काम आपल्याकडे जातीमुळे बाकीच्यांनी टाळलेलं, त्यामुळे तिथे जागा मोकळी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कोलकात्याच्या पूर्वेला टांगरा भागात त्यांच्या टॅनऱ्या उभ्या राहिल्या.

'हक्का' या शब्दाचा अर्थ माहीत आहे? पाहुणे लोक! हा समाज चीनमध्येच उत्तरेकडून दक्षिणेला सरकत गेला आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना हे नाव दिलं. म्हणजे आपल्या मेनूवरचे 'हक्का नूडल्स' म्हणजे शब्दशः पाहुण्यांच्या शेवया. चीनमध्ये या नावाने मागितल्या तर हाती फारसं काही लागणार नाही. हे नाव भारतात रुजलं, बनवणाऱ्यांच्या जातकुळीवरून.

मुंबईतही छोटी चिनी वस्ती होती. माझगावला सी यूप कून नावाचं चिनी मंदिर आहे, १९१९ सालचं. बोटीवरचे खलाशी आणि गोदीतले कामगार तिथे येत. चिनी माणूस तेव्हा या शहरांचा नेहमीचा भाग होता. कुणी बूट शिवायचा, कुणी दात काढायचा, कुणी रेशीम विकायचा.

आणि मग १९६२ आलं.

युद्ध २० ऑक्टोबरला सुरू झालं आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. महिनाभराचं प्रकरण. सैनिकांबद्दल आपण वाचलेलं असतं. पण त्याच काळात भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना घरातून उचलून राजस्थानात देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवलं, हे फार जणांना माहीत नसतं. बहुतेक जण आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातले. त्यांच्यात म्हातारे होते, शाळकरी पोरं होती, तान्ही बाळं होती. अनेकांचा जन्म भारतातला. काहींना असमिया यायची पण चिनी धड यायची नाही. खटला नाही, आरोप नाही. आगगाडीने अर्ध्याहून जास्त देश ओलांडून त्यांना वाळवंटाच्या दिशेने नेलं. काही जणांना १९६७ पर्यंत ठेवलं. अनेकांना चीनमध्ये पाठवून दिलं, जो देश त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. सुटून घरी आलेल्यांपैकी कित्येकांना दिसलं की घर-दुकान लिलावात गेलंय. माकुम या आसामातल्या गावची अशीच कथा रीटा चौधुरींच्या 'माकाम' या असमिया कादंबरीत आली आहे (२०१०), आणि जॉय मा व दिलीप डिसूझा यांनी २०२० साली 'द देवळीवालाज' हे पुस्तक लिहिलं.

कोलकात्यात जे राहिले त्यांच्यावरही बंधनं आली. पोलिसात नोंद करा, शहराबाहेर जायचं तर परवानगी घ्या. नोकऱ्या मिळणं अवघड झालं. अशा वेळी माणसाच्या हाती काय उरतं? ज्याला परवाना कमी लागतो आणि भांडवलही कमी लागतं, असं काम. कुणी ब्यूटी पार्लर काढलं, कुणी हॉटेल. पुढे १९९०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टॅनऱ्या हलवायला सांगितल्या, तेव्हा टांगऱ्यातल्या अनेक कुटुंबांना हॉटेल हाच आधार राहिला.

नागपूरकराला हे समजायला सोपं आहे. सावजीचं उदाहरण घ्या. आज आपण ज्याच्या नावाने डोळ्यातून पाणी काढतो, ते मूळ हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण. मागावर पोट भरेनासं झालं तेव्हा घरचा रस्सा बाहेरच्यांना वाढणं हा एक रस्ता होता. धंदा हातातून गेला तरी हाताची चव हातातच राहते.

आता मंचुरियनकडे येऊ. नेल्सन वांग हा कोलकात्यात जन्मलेला चिनी वंशाचा तरुण १९७४ साली मुंबईत आला. खिशात अगदी थोडे पैसे होते, असं तो मुलाखतींत सांगत आला आहे. १९७५ च्या सुमारास तो क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करायचा. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, मेनूत नाही असं काहीतरी नवीन कर. त्याने आपल्या कुठल्याही भाजीची सुरुवात होते तशी सुरुवात केली. बारीक चिरलेलं आलं, लसूण, हिरवी मिरची. पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस टाकला, कॉर्नफ्लॉवर लावून दाटपणा आणला आणि त्यात चिकन सोडलं. झालं चिकन मंचुरियन! मांचुरिया हा चीनचा ईशान्य भाग. त्याचा या रश्श्याशी काडीचा संबंध नाही. वांगने पुढे केम्प्स कॉर्नरला 'चायना गार्डन' काढलं, आणि त्या रश्श्याला फ्लॉवर, कोबी, पनीर, जे सापडेल ते चिकटलं.

शेजवानची कथा थोडी वेगळी. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९७३ साली 'गोल्डन ड्रॅगन' सुरू झालं आणि सिचुआन प्रांताचं जेवण भारतात आणल्याचं श्रेय त्याला दिलं जातं. पंचतारांकित टेबलावरून ते गाडीवर उतरेपर्यंत 'सिचुआन'चं 'शेजवान' झालं, आणि त्यातला एक मुख्य घटक गळून पडला. सिचुआनी जेवणाची खरी ओळख म्हणजे जीभ बधिर करणारी त्यांची मिरी. आपल्या शेजवान चटणीत सुकी लाल मिरची, लसूण, तेल, व्हिनेगर हे सगळं असतं, पण ती मिरी नसते. गंमत अशी की तिची सख्खी चुलत बहीण महाराष्ट्रातच आहे! कोकणात बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालतात ना, ते त्याच कुळातलं. दोन्हींचं वनस्पतिशास्त्रीय घराणं एकच, जिभेला येणारी झिणझिणीही तशीच. म्हणजे मालवणातल्या आजीला अस्सल सिचुआनी जेवण कदाचित आपल्यापेक्षा लवकर ओळखीचं वाटेल. (आणि लाल मिरची? ती चीनचीही नाही अन् आपलीही नाही. कोलंबसानंतर अमेरिकेतून दोघांकडे आली.)

आता परदेशातल्या मेनूकडे परत पाहू. तिथे आपल्याला जे मिळतं ते तरी 'खरं' चायनीज असतं का? अमेरिकेत १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. १९१५ मध्ये एका न्यायालयीन निर्णयाने हॉटेलमालकालाही व्यापारी मानलं, आणि मग हॉटेल काढणं हा देशात येण्याचा, आपल्या माणसांना आणण्याचा कायदेशीर मार्ग झाला. गावोगावी चायनीज हॉटेलं दिसतात त्यामागे हे कारण आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हिसा कॅटेगरी! तिथला लोकप्रिय 'जनरल त्सोज चिकन' हुनान प्रांतातल्या पेंग छांग-क्वेई या आचाऱ्याने १९५०च्या दशकात तैवानमध्ये बसवला, न्यूयॉर्कला पोचल्यावर तो गोड झाला, आणि खुद्द हुनानमध्ये त्याला कुणी ओळखत नव्हतं. पेरू देशात १८४९ पासून गेलेल्या चिनी मजुरांमुळे 'चिफा' नावाची हॉटेलं झाली. कोरियातल्या काळ्या सॉसच्या नूडल्स शांडुंगहून आलेल्या लोकांनी नेल्या. प्रत्येक देशाने मूळ कोडचा आपापला फोर्क काढलाय आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच आवृत्ती खरी.

हा प्रवास उलट दिशेनेही झाला आहे आणि त्यात नागपूर आहे. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. अटल, बसू, मुखर्जी, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. पाचांत दोन मराठी! १ सप्टेंबरला मुंबईहून बोट सुटली. चोळकर पुढे भारतात परतले. कोटणीस राहिले, चिनी शिकले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. त्यांच्या मुलाचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत-चीन. शांतारामबापूंनी त्यांच्यावर १९४६ मध्ये सिनेमा काढला. पण जेवणाचं बघा. ते ज्या उत्तर चीनमध्ये राहिले तिथल्या खेड्यांत आणि सैन्यात तेव्हा मुख्य अन्न होतं राळं. हो, आपल्याकडे पूर्वी पिकायचं तेच राळं. सोलापूरच्या माणसाला ते धान्य परकं नसणार. चिनी भाषेत राळ्याला 'श्याओमी' म्हणतात, आणि तुमच्यातल्या निम्म्यांच्या खिशात त्या नावाचा फोन कधी ना कधी होताच.

शेवटचा मुक्काम टोरांटो. १९६२ नंतर कोलकात्याचे पुष्कळ हक्का चिनी कॅनडात गेले. आज टोरांटोच्या आजूबाजूला, स्कारबरो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन भागात 'हक्का' पाटीचं हॉटेल दिसलं तर आत बिनधास्त जा. चिली चिकन आहे, मंचुरियन आहे, हिरव्या मिरच्या मागितल्या तर त्याही मिळतात. आणि गल्ल्यावरचे काका कदाचित तुमच्याशी हिंदीत बोलतील. देवळीत राहिलेल्या लोकांची संघटनाही कॅनडातच आहे. भारत सरकारने एकदा चूक मान्य करावी, एवढीच त्यांची मागणी आहे. पैसे हा त्यांचा मुख्य मुद्दा नाही.

म्हणून 'खरं चायनीज आपल्याच नागपुरात' या वाक्यावर माझा आक्षेप एवढाच, की त्यात बनवणाऱ्यांचा उल्लेख नाही. ज्यांना आपण परके ठरवून घालवलं त्यांचं जेवण आज लग्नाच्या मांडवात स्वतंत्र काउंटर लावून वाढतो आणि त्याला आपलं म्हणतो. जेवण आपलं झालं, हे छानच झालं. माणसंही आपलीच होती, एवढं निदान ठाऊक असावं.

आणि जाता जाता शाकाहारी मंडळींसाठी एक टिप. चीन-तैवानकडे गेलात तर बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण कुठे मिळतं ते विचारा. त्यात मांस तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. मंचुरियन तिथेही मिळणार नाही, पण उपाशी राहणार नाही. :-)