स्मरणपत्रिकांची संगणकप्रणाली आणि गोंडी-माडियाचा अभ्यास

जपानी शिकणाऱ्यास शब्द व चित्राक्षरे पाठ करण्यासाठी स्मरणपत्रिकांची कोणती संगणकप्रणाली निवडावी, असा प्रश्न पडतो. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांत वैद्यक, शिक्षण वा वनविभागाच्या कामासाठी गोंडी अथवा माडिया शिकू पाहणाऱ्यापुढेही आज तोच प्रश्न आहे. मात्र साधनाचा इतिहास पाहिला म्हणजे दोघांची स्थिती किती भिन्न आहे, हे ध्यानात येते.

हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विस्मरणाची गती मोजली आणि एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा कालांतराने विभागलेली उजळणी अधिक फलदायी होते, असे दाखविले. सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये हे तत्त्व कप्प्यांच्या पेटीत उतरविले: साधलेली पत्रिका पुढच्या कप्प्यात, चुकलेली पुन्हा पहिल्यात. पोलंडमधील पिओत्र वोझ्नियाक याने १९८५ मध्ये उजळणीचे अंतर कागदावर हिशेबाने ठरविले व १९८७ मध्ये त्याचीच ‘सुपरमेमो’ ही प्रणाली केली. २००६ साली डेमियन एल्म्स याची ‘अंकी’ आली. या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर. एल्म्स स्वतः जपानीचा अभ्यासक होता.

जपानीच्या अभ्यासकास एक गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे यादी. जपानी शासनाने नित्य व्यवहाराची चित्राक्षरे १९४६ मध्ये १८५०, १९८१ मध्ये १९४५ व २०१० मध्ये २१३६ अशी निश्चित केली. पत्रिकेवर काय लिहावे हे राज्यसंस्थेनेच ठरविले आहे; अभ्यासकाने केवळ प्रणाली निवडावयाची.

गोंडीची गोष्ट निराळी. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार भाषिक नोंदले गेले, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. लिपीही एक नाही. महाराष्ट्रात देवनागरी चालते, तर दक्षिणेस तेलुगू. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये स्वतंत्र लिपी रचली; आदिलाबादकडील गुंजाला लिपी वेगळीच. युनिकोडमध्ये या दोन लिपींना अनुक्रमे २०१७ व २०१८ साली स्थान मिळाले. तेव्हा या लिपींतील पत्रिका संगणकावर निर्वेधपणे देता-घेता येणे ही अगदी अलीकडची सोय होय.

लिपीपेक्षाही बिकट प्रश्न बोलींचा आहे. बरो व भट्टाचार्य यांनी १९६० मध्ये गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, त्यामागे हीच विविधता होती. शब्दारंभीचा ‘स’ काही बोलींत टिकतो, काहींत त्याचा ‘ह’ होतो, तर डोंगरी माडियाच्या टोकाला तो लोपतो. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी १९९८ मध्ये या स्थित्यंतराचा साक्षेपी अभ्यास मांडला. मिठासाठी बैतुलकडे सव्वोर, अन्यत्र होवर वा ओवर अशी रूपे आढळतात. उत्तरेकडील पुस्तकावरून पत्रिका केलेला मनुष्य भामरागडच्या बाजारात परकाच वाटणार, आणि त्याचे स्मरण जितके पक्के तितकी ही अडचण मोठी.

व्याकरणाचाही अडसर आहे. गोंडीत पुरुषवाचक आणि पुरुषेतर असा भेद असून तो संख्यावाचकांतही दिसतो. वस्तू मोजताना रंड, पुरुष मोजताना इर्वुर. मराठी माणसाने याचे नवल करण्याचे कारण नाही. ‘दोन’ व ‘दोघे’ त्याच्याही तोंडी आहेत. पण एका बाजूस ‘दोन’ व दुसरीस ‘रंड’ लिहिणारी पत्रिका अर्धे ज्ञान देते.

१९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी माडिया आत्मसात केली, ती रुग्णांशी बोलत. पत्रिका या सहवासाची जागा घेऊ शकत नाही. ऐकलेले टिकविणे एवढेच तिचे काम. म्हणून निवड करताना उजळणीच्या गणिताच्या सूक्ष्मतेला फार महत्त्व देऊ नये. संपर्कजालाविना चालणे, पत्रिकेस ध्वनिमुद्रण जोडता येणे आणि एका नोंदीत अनेक रकाने ठेवता येणे, या तीन गोष्टी पाहाव्या. ‘अंकी’त त्या तिन्ही आहेत. एकाच चित्राक्षराची अनेक उच्चारणे नोंदविणाऱ्या जपानीच्या अभ्यासकास अशा रकान्यांचा उपयोग होतोच. इकडे त्याच रकान्यांत बोलीचे नाव, गाव, पुरुषवाचक रूप आणि बोलणाऱ्याचा आवाज ठेवता येईल. वीज वा यंत्र नसेल तेथे लाइटनरची पुठ्ठ्याची पेटी आजही पुरते. आवाज मात्र तिच्यात मावत नाही.